माहितीदाती क्रमांक सात

तोंडवली, ता. मालवण
३ मार्च २०२५

चि. डॉ. अपेक्षा हिस,
जितूदादाचे अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम समस्त गावाच्या वतीने निषेध. तुझा छापील शोधनिबंध परवा पोस्टाने आला. त्यात तू आमच्या गावाचं नाव लपवून त्याला ‘गाव क’ म्हटलं आहेस. नाव लपवल्याबद्दल कोणाची तक्रार नाही. इथल्या निम्म्या लोकांना बँकेपासून तेच हवं असतं. पण क? ‘गाव अ’ कोणतं ते आम्ही बाळाच्या हॉटेलात बसून पाच मिनिटांत ओळखलं. मोठं देऊळ, खाडी, नारळाच्या बागा, म्हणजे आचरा. ‘गाव ब’ला शाळा आणि दुकानं आहेत, म्हणजे जामसंडे. आणि आम्ही क. समुद्र आमचा सर्वांत चांगला, सुरूचं बन आमचं, पर्यटक फोटो काढायला आमच्याकडे येतात, आणि पुण्याच्या विद्वानांनी आम्हाला तिसऱ्या बाकावर बसवलं. बाळाने तर विचारलं, “जितू, ह्या क म्हणजे रेशनकार्डासारखा काय रे? मगे काय फुकट गावतला?” मी त्याला सांगितलं, शोधनिबंधात फुकट फक्त माहिती मिळते, तीही तुमच्याकडून त्यांना.

निषेध संपला. आता कौतुक.

तळटीप एकतीसमध्ये ‘ध्वनिमुद्रणं लिहून काढल्याबद्दल श्री. जि. यांचे आभार’ असं आहे. सत्तावीस वर्षं मी मालवणच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो, पण माझे आभार छापून आल्याची ही पहिलीच वेळ. तो अंक मी टेबलावर सर्वांना दिसेल असा ठेवला आहे. वकील मंडळीही चाळतात. एक जण घेऊन गेला आणि झेरॉक्स काढून परत आणून दिला. विद्येची एवढी भूक मी त्या आवारात कधी पाहिली नव्हती.

एकच गोष्ट. ‘माहितीदाती क्रमांक सात : वय अठ्ठावन्न, मासळीविक्री, अपत्य नाही, पती २००१ पासून विभक्त.’ अगो, अशी तोंडवलीत एकच बाई आहे. चंद्रावतीकाकीला बाळाने नावासकट ओळखलं. काशीरामकाका तिला टाकून रत्नागिरीच्या शेवंतीकडे गेला, दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला, आणि तेव्हापासून शेवंतीचा मुलगा नितेश किनाऱ्यावरच्या घरासाठी काकीशी कोर्टात भांडतोय. त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. काकीला वाचता येत नाही, म्हणून निबंधाबद्दल मी तिच्याकडे काही बोललो नाही.

उत्तर लेखी पाठव. फोनवरचं मी धरत नाही. लेखी नसलेली गोष्ट घडली असं मानायची मला धंद्याने सवय नाही.

तुझा,
जितूदादा



पुणे
११ मार्च २०२५

प्रिय जितूदादा,
सा. न.

गावांची अक्षरं मी ज्या क्रमाने भेटी दिल्या त्या क्रमाने आहेत. कृपया हे बाळाला सांग, आणि आचऱ्याच्या लोकांना सांगू नकोस.

तू निबंध वाचलास याचा फार आनंद झाला. आमच्या क्षेत्रात वाचकांची संख्या लेखकांपेक्षा कमी असते. त्यात नवीन काय आहे ते तुला सोप्या शब्दांत सांगते, कारण टेबलावर ठेवला आहेस तर कोणीतरी विचारेल. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट कोर्टातून घ्यावा लागतो. पण त्याच कायद्यात कलम २९(२) आहे. एखाद्या समाजात कोर्टाशिवाय लग्न मोडायची जुनी रूढी असेल, तर कायदा ती आजही मानतो. अट एवढीच, की रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. काडीमोडाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं त्यात काडी मोडणारा नेहमी नवरा असतो. तुमच्याकडे, २००१ इतक्या अलीकडे, नवरा उंबरठा ओलांडत असताना बायकोने स्वतःच्या हाताने काडी मोडली. टाकली गेलेली बाई नव्हे, सोडणारी बाई. संपूर्ण निबंध त्या एका वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य काकींचं आहे.

याच निबंधाच्या जोरावर पुढच्या महिन्यात माझी सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे.

काकींना माझा नमस्कार सांग. त्यांचं नाव कुठेही नाही हेही सांग. त्या दिवशी त्यांनी मला इतकं मनापासून सांगितलं, की मला वाटलं, ही बाई वीस वर्षं कोणीतरी विचारील याची वाट पाहत होती.

तुझी,
अपेक्षा



मालवण
२ एप्रिल २०२५

अपेक्षा,

सोडणाऱ्या बाईला आता घर सोडावं लागेल असं दिसतंय.

नितेशचा दावा दोन वर्षं लंगडत होता. त्याचं म्हणणं, काकी काशीरामची बायको उरली नव्हती, दोघांचं लग्न पूर्वीच मोडलं होतं. पुरावा शून्य. त्याचा स्वतःचा वाटा मुलगा म्हणून कायदा त्याला देतोच. भांडण आहे ते काकीच्या वाट्याचं. ती विधवा ठरली तर निम्मं घर तिचं. घटस्फोटित ठरली तर ती त्या घरात पाहुणी, आणि पाहुणीने चोवीस वर्षं राहून घेतलं एवढंच. मागच्या तारखेला नितेशच्या वकिलाने कागदपत्रांच्या यादीसोबत एक नवीन कागद दाखल केला. ओळखलंस ना? तुझी सव्वीस पानं. पिवळ्या मार्करने रंगवलेली, तळटीप एकतीससुद्धा. झेरॉक्स कोणी काढली होती ते आता कळलं.

काकीची बाजू दिव्या सारंग म्हणून एक तरुण वकीलबाई मांडते. तिने प्रत काकीच्या हातात दिली आणि काकी ती घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आली. मासळीची रिकामी पाटी तिने खाली ठेवली आणि कागद माझ्यापुढे धरला.

“जितू, ह्येच्यात काय लिवलेला आसा?”

“तू काशीरामकाकाक काडीमोड दिलंस, असा लिवलेला आसा.”

“कोणी? मी?”

“काडी मोडलंय म्हणान तूच सांगलंस मा अपेक्षाक?”

“काडी मोडलंय ता खरा,” काकी म्हणाली. “पण ती काडी ती न्हय रे!”

मग तिने जे सांगितलं ते मी तुला सरळ मराठीत लिहितो, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. काशीराम गेला तो दिवस नारळी पौर्णिमेनंतरचा. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर कामाला जातो म्हणून सांगून निघाला होता. कुठे जातोय ते तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरची रीत अशी, की माणूस समुद्रावर निघाला की नारळाच्या झावळीची हीर, म्हणजे केरसुणीची एक काडी, त्याच्यावरून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची, मोडायची आणि घरामागे टाकायची. दृष्ट काढतात ती. वाईट नजर जमिनीवर राहावी, होडीबरोबर जाऊ नये म्हणून. काकीने काडी मोडली ती लग्न मोडायला नाही. तो सुखरूप पोचावा म्हणून.

आणि तू त्यावर सव्वीस पानं उभी केलीस. रूढी, कर्तेपण, मुक्ती. अगो, केरसुणीच्या काडीला मुक्तीचा झेंडा लावण्याआधी एकदा विचारायचंस तरी, की बाई, काडी कसली? घटस्फोट देणाऱ्या बाईने गेली चोवीस वर्षं गळ्यात काळे मणी का ठेवले असतील, हा प्रश्न तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बसत नाही काय? ती तुझ्यासमोर अंगणात बसली होती. मणी दिसत होते.

काकीची साक्ष ऑगस्टमध्ये आहे. त्याआधी तुला काही करता येत असेल तर कर.

जितू



पुणे
९ एप्रिल २०२५

जितूदादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे. मी ते नाकारत नाही.

पण मी काल तू लिहून दिलेल्या मुलाखतीची फाइल काढली. पान चार. तुझ्या अक्षरात असं आहे : ‘तो उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा मी काडी मोडली.’ पूर्णविराम. पुढचा परिच्छेद : ‘त्यानंतर मी एकटीने मासळी विकायला सुरुवात केली.’ मधे काही नाही. टिंबंसुद्धा नाहीत.

मला एवढंच विचारायचं आहे. मधे काही होतं का?

मूळ ध्वनिमुद्रण मला आता ऐकता येत नाही. आमच्या नीतिसमितीचा नियम आहे, की निबंध छापून आला की माणसाचा आवाज पुसून टाकायचा. त्याच्या सुरक्षिततेसाठी. मी तो नियम पाळला.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही ती तुला सांगते. मी पुण्यात वाढले. आई घरी मालवणीत बोलायची ती फक्त रागावली की. त्या दिवशी काकी भराभर बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. मला चारातला एक शब्द कळत होता. त्या रडल्या तेव्हा फक्त त्या रडताहेत हे कळलं. मला वाटलं, बाकीचं तू लिहून देशीलच.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेले होते. निवड झाली.

अपेक्षा



तोंडवली
२६ मे २०२५

चि. अपेक्षा हिस,

उत्तराला सात आठवडे लागले. दुसऱ्याच्या वतीने मी दिवसाला वीस अर्ज लिहितो. ‘अर्जदार शपथेवर सांगतो की’ असं लिहून पुढे वाट्टेल ते लिहिता येतं. स्वतःच्या वतीने लिहायला बसलो तर ‘की’च्या पुढे शाई सुकते.

मधे सात मिनिटं होती.

कोणती आणि का, तेही लिहितो. तुझं ध्वनिमुद्रण मी कोर्टाबाहेर टेबलावर बसून, कानात तारा घालून उतरवत होतो. त्या आठवड्यात कसल्याशा सरकारी योजनेच्या अर्जांची मुदत संपत होती आणि माझ्यापुढे माणसांची रांग होती. काकीचं ते वाक्य आलं आणि त्यानंतर ती रडत, थांबत, मधेच नाक शिंकरत, एकच गोष्ट फिरूनफिरून सांगायला लागली. मी दोन मिनिटं ऐकलं. मग पुढे सरकवलं. बाई पुन्हा नीट बोलायला लागली तिथे लिहायला घेतलं. टिंबं द्यायचं मनात आलं होतं. पण टिंबं दिली तर तू विचारशील, इथे काय होतं, आणि मग ते लिहावं लागेल. म्हणून पूर्णविराम दिला. अर्ज लिहिताना आम्ही असंच करतो. रडणं काढून टाकतो आणि मुद्दा ठेवतो. साहेबांना मुद्दा लागतो.

म्हणजे काडीमोड काकीने केला नाही, तूही केला नाहीस. मी केला, एका पूर्णविरामाने. आणि मग छापील आभार मिरवायला तोच निबंध नितेशच्या वकिलाच्या नाकाखाली नेऊन ठेवला. तुला पिवळ्या मार्करबद्दल टोमणे मारले तेव्हाही हे मला ठाऊक होतं.

मागच्या पत्रात काकीचं एक वाक्य मी गाळलं होतं. सवय जात नाही. ती म्हणाली होती, “ता मी त्या चेडवाक सगळा सांगलंय. आनी तू पण थंयच होतंस, जितू.” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे तू. मी पायरीवर बसून होतो खरा. बाळाशी फोनवर बोलत होतो.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या समितीने आवाज पुसायला सांगितला ते बरोबरच असेल. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या जुन्या फोनमध्ये ते ध्वनिमुद्रण जसंच्या तसं आहे. दिव्या वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्याच. फोन कोर्टात द्यायचा, माझी साक्ष, तुझी साक्ष, काम फत्ते.

तसा काकीकडे गेलो. ती अंगणात जाळ्यावर सुकट वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, पूर्णविरामासकट. तिने हातातलं काम संपवलं. मग म्हणाली, “तू वाईट नाय. तू आळशी.” यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, काकी, ते कोर्टात वाजवलं की घर वाचलं.

“वाजवूचा नाय.”

“कित्याक?”

“थंय शेवंती येता दर तारखेक. समोर बसता.” मग ती सुकटीतले खडे वेचायला लागली. “घर गेला तर आचऱ्याक भाच्याकडे जाईन. पण तो तिच्याकडे जाय होतो तेव्हा मी तेची दिष्ट काढी होतंय, ह्या तिका कळला, तर माका खंय जावक जागा उराची नाय. तू वाजवलंस तर तो आवाज माझो न्हय म्हणान सांगान. देवाशपथ सांगान.”

कायद्यात यावर उपाय असेल तर कळव. तू त्यातली डॉक्टर आहेस.

जितू



पुणे
२ जून २०२५

प्रिय दादा,

उपाय नाही. असला, तरी तो काकींच्या विरुद्ध वापरावा लागेल.

मी करण्यासारखं होतं ते केलं. त्रैमासिकाच्या संपादकांना निबंध मागे घेत असल्याचं लिहिलं. त्यांनी विचारलं, कारण काय? माहितीदातीचं वाक्य चुकीचं समजलं, असं मी कळवलं. मग बरोबर काय होतं ते शुद्धिपत्रात छापा, अभ्यासकांना उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं. सांगण्यासारखं आणि छापण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य आहे, आणि ते माझं नाही. मी लिहिलं, कारण देता येणार नाही. तेव्हा ते म्हणाले, कारणाशिवाय मागे घेतलेल्या निबंधाकडे लोक चोरी म्हणूनच पाहतात. मी म्हटलं, पाहू देत.

मागे घेतल्याची सूचना येईल ती ऑक्टोबरच्या अंकात. साक्ष ऑगस्टमध्ये. तोवर तो निबंध खरा आहे.

दिव्या सारंगना मी फोन केला. मी येऊन साक्ष देते, निबंधातलं विधान पुराव्याइतकं पक्कं नाही असं सांगते, म्हटलं. त्या म्हणाल्या, समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारील, पक्कं कशावरून नाही? आणि शपथेवर तुम्हाला काडीची गोष्ट सांगावी लागेल, शेवंतीसमोर. काकींनी दिव्याताईंना बजावलं आहे, ‘ती पुण्याची येता कामा नये.’

तू त्यांना समजावून पाहा ना. तुझं ऐकतील. घर आहे ते, दादा. चोवीस वर्षं सारवलेलं. एका बाईला कळलं तर कळलं.

(वरचं वाक्य खोडणार होते. तू गाळण्याची सवय कबूल केलीस आणि आता मीच गाळायला लागले तर बरं दिसणार नाही म्हणून ठेवलं.)

अपेक्षा



मालवण
२३ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षा हिस,

काकीची साक्ष काल झाली. मी मागच्या बाकावर होतो. जसं झालं तसं लिहितो, यावेळी एकही शब्द न गाळता.

काकी हिरवं लुगडं नेसून आली होती, कोर्टात नव्हे, कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखी. शेवंती पुढच्या बाकावर होती. पांढरी साडी, मांडीवर पिशवी. वयाने काकीएवढीच, गुडघ्याने अधू. मी दोन वर्षं तिला मनातल्या मनात शिव्या घालत आलो, पण काल पहिल्यांदा नीट पाहिली. काशीरामचा फोटो पिशवीत घालून आणला होता. दाखवायची वेळ आली तर असावा म्हणून. नितेश तिला पाणी आणून देत होता.

नितेशचा वकील मराठी फार शुद्ध बोलतो. त्याने विचारलं, “बाई, २००१ साली काशीराम घरातून निघाले, तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर काडी मोडलीत, हे खरं की खोटं?”

“खरा. मोडलंय.”

“त्यानंतर ते परत कधी त्या घरात राहायला आले?”

“नाय.”

“आणि ही गोष्ट तुम्ही स्वतः, कोणी जबरदस्ती न करता, संशोधकबाईंना सांगितलीत?”

“सांगलंय.”

तो खाली बसला. त्याला पुरेसं होतं. ‘कशासाठी’ हा प्रश्न तो चुकूनही विचारणार नव्हता. तो विचारला दिव्याताईंनी, उठून, अगदी हळू आवाजात. “काकी, ती काडी तुम्ही कशासाठी मोडलीत, ते साहेबांना सांगा.”

काकीने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीही तिच्याकडे पाहत होती. कोर्टात पंख्याची पाती खरडत होती. साहेबांनी लिहायला पेन वर धरलं होतं.

“ता माका सांगूचा नाय.”

“काकी, तुमचं घर...”

“माझा उत्तर मोडलंय, इतक्याच. जितक्या इचारलास तितक्या सांगलंय.”

साहेबांनी स्वतः विचारलं, सावकाश, समजुतीच्या सुरात. त्यांचा काही दोष नाही. तिने तेच उत्तर दिलं. मग तिचा अंगठा घेतला आणि पुढची तारीख पडली.

मी तेव्हा उठून उभा राहिलो होतो. माझ्या खिशात तो फोन होता. काकी पिंजऱ्यातून उतरताना माझ्या बाजूने गेली आणि नुसतं “बस” म्हणाली. आणि मी बसलो. ही गोष्ट तुला सांगायलाच हवी. मी बसलो.

बाहेर आल्यावर दिव्याताई रडल्या. तीस वर्षांची पोर आहे, अजून सवय व्हायची आहे. म्हणाल्या, आता निकालाची वाट पाहण्यात अर्थ नाही, तडजोड करून जे वाचेल ते वाचवू.

तू समजावून सांग म्हणाली होतीस. गेल्या दोन महिन्यांत मी पाच वेळा गेलो. पाचव्या वेळेला तिने मला चहा दिला नाही.

जितू



पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

दादा,

अंक आला. शेवटच्या पानावर चौकटीत दोन ओळी आहेत : ‘सदर निबंध लेखिकेने मागे घेतला आहे. कारण नमूद केलेलं नाही.’ विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं होतं. काकींचं उत्तर माझ्याही उपयोगी पडलं : जितकं विचारलंत तितकं सांगितलं. बढतीचं प्रकरण समितीकडे परत गेलं आहे. त्याबद्दल लिहायला हे पत्र नाही.

एक मागणं आहे. ते मागायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. तू मला दोन वेळा थोडक्यात सांगितलंस. पण ती सात मिनिटं होती, आणि मी समोर बसून होते. कुठे छापणार नाही, कोणाला दाखवणार नाही. त्या मला काय सांगत होत्या, ते मला एकदा समजून घ्यायचं आहे. काकी नको म्हणाल्या तर नको.

अपेक्षा



तोंडवली
९ डिसेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,

तडजोड झाली. काकीने घरावरचा हक्क सोडला, नितेशने खर्चाची मागणी सोडली. ती अंगठा उठवत असताना शेवंती उठून आली आणि म्हणाली, “बाय, सामान न्हेवक घाई करू नुको. डिसेंबर अखेरपर्यंत ऱ्हव.” चांगल्या मनाने म्हणाली. काकीने मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी घर सोडलं. आचऱ्याला भाच्याच्या पडवीत तिला एक खाट दिली आहे. सकाळी बंदरावर जाते, दुपारपर्यंत मासळी विकते, पूर्वीसारखीच. गिऱ्हाइकं मात्र नवी. भाव करतात.

इकडे नितेशने चिऱ्याचं काम सुरू केलं आहे. फलक आधीच लागला. ‘काशीराम होमस्टे’. खाली एका माशाचं चित्र, आमच्या समुद्रात कधीही न सापडणाऱ्या जातीचं.

रविवारी मी आचऱ्याला गेलो. तुझी विनंती काकीला वाचून दाखवली. ती मासळीचं पाणी फेकत होती. ते फेकून झाल्यावर म्हणाली, “दी तिका. तिना इचारल्यान होता. आयकूक गावला नाय, ता तिचो काय दोष? पण छापूचा नाय. आनी कोर्टवाल्यांक नाय.” मग माझ्याकडे बघून, “आनी तू लिवतलंस तर सगळा लिव.”

म्हणून काल कोर्टाला सुट्टी असल्यासारखं टेबल बंद ठेवलं आणि घरी बसून ध्वनिमुद्रण उतरवलं. मालवणीत आहे तसं डावीकडे, मराठीत उजवीकडे, तुला अडू नये म्हणून. काडीबद्दल त्यात फक्त दोन वाक्यं आहेत. बाकी सगळी, तो जाताना काय काय घेऊन गेला त्याची यादी आहे. दोन सदरे. वस्तरा. एक चादर, तिचीच. तिने बांधून दिलेले सुके बांगडे, आठ. ही यादी ती चार वेळा सांगते आणि दर वेळी बांगड्यांशी येऊन अडते, कारण त्याने ते नको म्हटलं नाही, घेतले. तो आठ घेऊन गेला म्हणजे आठ दिवसांत परत येईल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. हे ती तुला विचारते आहे, अपेक्षा, सांगत नाही. ध्वनिमुद्रणात नीट ऐकू येतं. “तुका काय वाटता गो?” असं दोनदा विचारते. आणि मग तुझा आवाज येतो. तू “हो, हो” म्हणतेस.

रडली तिथे ‘रडते’ असं लिहिलं आहे. थांबली तिथे किती थांबली तेही. एकदा मागून माझा हसण्याचा आवाज येतो. तोही लिहिला आहे. मग संध्याकाळी पुन्हा आचऱ्याला जाऊन तिच्यासमोर बसून फोनमधलं ते पुसून टाकलं. पुसलं म्हणजे नक्की काय झालं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आता ते फक्त कागदावर आहे. “आनी तिच्याकडे,” ती म्हणाली.

सोबत पाच पानं जोडली आहेत. तुझ्या फाइलमध्ये पान चारवर त्या पूर्णविरामापाशी घालावीत. बिल जोडलेलं नाही. तू पूर्ण मुलाखतीची मजुरी दिली होतीस, मिनिटं मोजून. या सात मिनिटांचे पैसे मी तेव्हाच घेतले आहेत.

जितू